गार वाऱ्याचं नळकांडं

आतोबांनी मोटार घेतली तेव्हा तिच्या डाव्या खिडकीला बाहेरून एक नळकांडं लटकलेलं होतं. मोटार डिस्पोजलमधली. कल्याणच्या पलीकडे लढाईच्या काळात लष्कराचा अवाढव्य कॅम्प होता. तो उठला तेव्हा तिथून ब्लँकेटं, बादल्या, पत्रे, तंबूचं कापड असा वाट्टेल तो माल बाहेर पडला आणि ठाण्यापासून मुरबाडपर्यंत घराघरांत शिरला. आमच्या शेजारणीचं लोणचंसुद्धा लष्करी डब्यात मुरत असे. आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, ठाण्यात इमारतींची कंत्राटं घेत. ते खरं तर पत्रे आणायला गेले होते. पत्रे संपले होते म्हणून मोटार घेऊन आले.

नळकांडं दूधवाल्याच्या हंड्याएवढं, पण आडवं. पुढच्या बाजूला वासलेलं तोंड आणि त्यावर जाळी. वर पाणी ओतायला झाकण. मोटारीच्या आत उघडणारी एक चपटी फट आणि त्या फटीशेजारून आत आलेली दोरी. कुणी गोरा साहेब इराकातून येताना हे बरोबर घेऊन आला होता म्हणे. विकणाऱ्याने आतोबांना सांगितलं होतं, की यात पाणी भरायचं, मोटार पळवायची, मध्येमध्ये दोरी ओढायची, की आत महाबळेश्वर.

आत्याने ते पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, म्हणजे हा उलटा बंब झाला!"

मी तेव्हा आत्याकडे राहून ठाण्याच्याच एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. घरात शास्त्र शिकवणारा माणूस असला, की बिघडलेली प्रत्येक वस्तू त्याच्या पुढ्यात येते आणि तोही ती नाकारत नाही. मी दुरुस्त केल्यापासून आत्याचं शिवणयंत्र फक्त उलटं शिवत असे. आत्याने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ती कापड उलटीकडून सरकवायला शिकली.

मोटारीचे पहिले काही महिने थंडीचे होते. त्यामुळे नळकांड्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. लक्ष गेलं ते वैशाखात, आणि त्याला कारण माझी आतेबहीण.

ती नाशिकला दिलेली. पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणे ती माहेरी यायची, पण सहाव्या महिन्यापासून तिथल्या डॉक्टरांनी तिला अंथरुणाला बांधून ठेवलं होतं. हलायचंसुद्धा नाही, प्रवास तर दूरच. तिला सासू नव्हती. घरात दोन पुरुष आणि एक स्वयंपाकीणबाई. तेव्हा आईनेच तिकडे जायला हवं होतं. आत्याने डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवला होता, बाळंतविडा बांधून तयार होता, आणि रोज सकाळी ती त्या गाठोड्याकडे बघून घ्यायची.

अडचण उन्हाची होती. आदल्या वर्षी उन्हाळ्यातच ती आगगाडीने नाशिकला निघालेली. कसाऱ्याला घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिन लावतात, तोवर गाडी उभी असते. त्या उभ्या गाडीत आत्या बसल्या जागी कलंडली ती शुद्धीवर यायला बराच वेळ लागला. डॉक्टर म्हणाले, हिला ऊन सोसत नाही, जपा. आतोबांनी ते इतकं मनावर घेतलं, की त्यांनी उन्हाळ्यात तिला आगगाडीचं नावही काढू दिलं नाही.

"मोटारीने न्या मग," आत्या म्हणाली.

"मोटारीत काय ऊन लागत नाही? पत्र्याचा डबा तो. आणि रात्री न्यायचं म्हटलं तर एक दिवा आंधळा."

"त्या उलट्या बंबाचं काय?"

आतोबा एखाद्या निविदेवर सही करावी तसे म्हणाले, "तो बंब चालला तर नेतो. नाही चालला तर नाही. बस."

हे ते माझ्यासमोर बोलले, म्हणून पुढचं सगळं घडलं.

त्याच संध्याकाळी आम्ही नळकांड्यात पाणी ओतून तलावाला चक्कर मारली. आतोबा चालवायला, आत्या डाव्या बाजूला फटीपाशी, मी मागे. मी हात पुढे काढून दोरी ओढली. फटीतून वारा आला खरा, पण तो गार नव्हता. ओला होता. धोबीघाटाशेजारून जाताना येतो तसा. दुसऱ्यांदा जरा जोरात दोरी ओढली, तर आत्याच्या पदरावर ओंजळभर पाणी आलं.

"बिघडलाय," आतोबा म्हणाले. मला त्यांच्या आवाजात समाधान वाटलं, पण ते मी माझ्या कोत्या मनाच्या खाती टाकलं.

मुंबईच्या एका गॅरेजात चौकशी केली. ते म्हणाले, असलं यंत्र आम्ही पाहिलेलं नाही, ठेवून जा, महिन्याभराने बघू. महिन्याभराने नातवंड पालथं पडायला लागलं असतं. मग कुणी तरी सांगितलं, की कॅम्पात, जिथे आता सिंधमधून आलेली मंडळी राहतात, तिथे एक हुशार मिस्त्री आहे. लष्कराच्या मालातलं त्याला सगळं कळतं. मी रविवारी नळकांडं गोणपाटात बांधलं, शहाडला उतरलो आणि खांद्यावर घेऊन विचारत विचारत त्याच्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचलो.

मिस्त्री पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा. त्याने ते हातात घेतलं मात्र, त्याचा चेहरा उजळला. जुना ओळखीचा माणूस भेटावा तसं त्याने ते फिरवून पाहिलं. दोरी ओढून पाहिली, कान लावला, वास घेतला. मग ते खाली ठेवून म्हणाला, "मास्टरजी, इसमें तो कुछ भी नहीं बिगड़ा."

"लेकिन ठंडा नहीं करता."

"कैसे करेगा? हवा ठीक नहीं है."

"कहाँ की हवा?"

"यहाँ की. हमारे सिंध में लगाओ, अभी ठंडा देगा."

मग त्याने शेजारच्या बादलीत हात बुडवला आणि ओला तळवा माझ्यासमोर हवेत धरून तो नुसता उभा राहिला. बराच वेळ. मला वाटलं, आपले हात धुऊन हा मला वाटेला लावतोय. शिवाय बिचाऱ्याला गाव आठवत असणार. गाव सुटलेल्या माणसाला इकडची हवाच काय, इकडचं काहीच बरं दिसत नाही, असं मी मनात म्हटलं आणि सहानुभूतीने मान हलवली. त्याने कामाचे पैसेही घेतले नाहीत. जो कारागीर पैसे घेत नाही त्याला काम येत नसणार, असा सोयीस्कर निष्कर्ष काढून मी परत निघालो.

एक मात्र सांगून ठेवतो. शाळेत मी दर वर्षी बाष्पीभवनाचा धडा शिकवत होतो. दोन तापमापक शेजारी शेजारी टांगायचे, एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं. फडक्यातलं पाणी उडतं तसा तो तापमापक उतरतो. हवा कोरडी असेल तर पुष्कळ उतरतो, दमट असेल तर जेमतेम. हे मी फळ्यावर आकृती काढून, रंगीत खडूने, मुलांच्या कानीकपाळी ओरडत असे. त्या दिवशी शहाडला एका माणसाने तोच धडा स्वतःच्या तळहातावर मला करून दाखवला, आणि मी त्याचे आभारसुद्धा न मानता निघून आलो.

आता प्रश्न उरला, की स्वतः उघडावं का. परतीच्या वाटेवर मी यावर गंभीरपणे विचार केला. उघडलं आणि पुन्हा जुळलं नाही तर आत्याचं जाणं बुडणार. नाही उघडलं तरी बुडणारच. मग न उघडण्यात आपला फायदा काय? असं माझं तर्कशास्त्र. पण खरं सांगायचं तर कारण वेगळंच होतं. दुपारभर ते नळकांडं माझ्या खांद्यावर होतं आणि चालताना त्याच्या आत काही तरी हलत होतं. खुळ्ळ, खुळ्ळ. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं.

घरी आल्यावर पडवीत गोणपाट पसरून मी सहा स्क्रू काढले. आतोबा पेपर वाचत बसले होते.

"येतं का तुला?" त्यांनी पेपरावरून विचारलं.

"तत्त्व एकदा कळलं की यंत्र सोपं असतं, आतोबा."

"शिवणयंत्राचं तत्त्व काय होतं रे?"

यावर मी खाली बघून सातवा स्क्रू शोधायला लागलो. सातवा स्क्रू नव्हताच.

आत जाळीचं एक पिंप निघालं. त्याच्याभोवती सुतार रंधा मारतो तेव्हा निघतात तशा लाकडाच्या कुरळ्या पापुद्र्यांची गादी होती, काळपट, कुबट वासाची. दोरी ओढली की पिंप फिरायचं, गादी खालच्या पाण्यात बुचकळून ओली व्हायची, आणि वारा तिच्यातून गाळून आत यायचा. इतकंच. खुळ्ळ वाजत होतं ते तळाशी राहिलेलं पाणी. मला इतकं साधं यंत्र बघून वाईट वाटलं. एखादं चाक, एखादी स्प्रिंग तरी असायला हवी होती. बिघाड कशात आहे म्हणून सांगणार?

मग मी तो गादीत आहे असं ठरवलं. परदेशी लाकूड, इतक्या वर्षांचं कुजलेलं, ते काय गार करणार? मी सगळी गादी उपसून सकाळी न्हाणीघरातल्या बंबात घातली. ती इतकी सुरेख पेटली, की आतोबांना आंघोळीचं पाणी नेहमीपेक्षा लवकर मिळालं. थंडाव्याच्या यंत्राने आमच्या घरात केलेलं हे पहिलं काम.

त्याच्या जागी वाळा भरला. उन्हाळ्यात ज्याच्या पडद्यावर पाणी मारतात आणि ज्याची जुडी माठात टाकतात, त्याच्यापेक्षा गार दुसरं काय असणार? बाजारातून जुड्या आणल्या, कमी पडल्या म्हणून आत्याच्या माठातली काढली. हात राखून भरणं माझ्या स्वभावात नाही. पिंप इतकं ठासलं, की दोरी ओढली तेव्हा ते फिरायच्या ऐवजी दोरीच हातात आली. अर्धा वाळा काढला. मग पिंप फिरलं, पण वारा येईना. आणखी काढला. मग वारा आला, त्याबरोबर वाळ्याच्या काड्या आल्या आणि आतोबांच्या कोटाच्या कॉलरमध्ये गेल्या. त्या दिवशी ते एका सरकारी अधिकाऱ्याला भेटायला निघालेले. संध्याकाळी ते म्हणाले, "साहेब मला विचारत होते, तुम्ही अत्तर कुठलं वापरता."

असे चार-पाच दिवस गेले. रोज संध्याकाळी एक फेरी. कधी काथ्या, कधी गोणपाटाच्या पट्ट्या, कधी आत्याचं जुनं नऊवारी. वारा यायचा, सुवास यायचा, गारवा मात्र नाही. एकदा आम्ही कोपरीकडे खाडीपर्यंत गेलो होतो. तिथे मिठागरावर काम करणारा एक म्हातारा आगरी आमच्या घरी मीठ घालायचा. तो मिठाच्या वाफ्यांच्या बांधावर बसून होता. मी नळकांडं उघडून खुडबुड करत होतो, तर उठून जवळ आला. त्याला मी सगळं समजावून सांगितलं, पाणी कसं उडतं आणि उडताना कसं गार करतं ते. त्याने शांतपणे ऐकलं.

"मास्तर," तो म्हणाला, "वारा वला हाय. दोन दिस झाले, माज्या वाफ्यातलं पानी उडत नाय, मीठ धरत नाय. तुमचं डब्यातलं कसं उडंल?"

"काका, हे मीठ नाही," मी जरा वरच्या पट्टीत सांगितलं, "हे यंत्र आहे."

"आसंल," म्हातारा म्हणाला आणि परत बांधावर जाऊन बसला. मोटारीत आत्या हसत होती. कशाला हसतेस विचारलं तर म्हणाली, काही नाही.

तेवढ्यात नाशिकहून कार्ड आलं. डॉक्टर म्हणतात, आठवड्याच्या आतबाहेर. आत्याने ते वाचून पदराला डोळे पुसले नाहीत की काही नाही. ती बाळंतविड्याच्या गाठोड्यापाशी गेली आणि त्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. आतोबा म्हणाले, "उद्या सकाळी शेवटची चाचणी घेऊ. नाही झालं तर मी एकटा जाऊन बघून येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनजवळून बर्फ आणला. भुशात घातलेली, गोणपाटात गुंडाळलेली लादी. मागच्या दाराशी बसून दगडाने तो फोडत होतो, तोच डोक्यावर सावली पडली. आत्या.

"काय रे, कुणासाठी सरबत करतोस?"

गोणपाटातून पाणी ठिबकत होतं. तिने नळकांड्याच्या उघड्या झाकणाकडे पाहिलं, बर्फाकडे पाहिलं, मग देवघराकडे.

"पूजेला बसलेत," ती हळूच म्हणाली. "अजून अथर्वशीर्ष व्हायचंय. खडे बारीक कर, वाजतील नाही तर."

चाचणी झाली. तलावाच्या पहिल्या वळणावरच आतोबांनी हात फटीसमोर धरला आणि चमकून माझ्याकडे वळले. "अरे, झालं की!" मग पुन्हा धरला. "खरंच झालं." पण नवस फेडणं टाळायचं निमित्त हातचं गेलेल्या माणसासारखे ते दिसत होते. हेही मला तेव्हा कळलं नाही. मी माझ्याच पापाच्या विचारात होतो. बर्फ जास्तीत जास्त तासभर टिकणार. नाशिक पाच तास. वाटेत आत्याला काही झालं तर?

ते मी तिला दुपारी बोलूनही दाखवलं.

"मला काही होत नाही," ती म्हणाली. "आणि झालं तर उन्हाने झालं म्हणायचं. बर्फाचं नाव काढायचं नाही. कळलं?"

"आत्या, पण..."

"तिला आई हवी आहे रे. गारवा कुणाला हवाय!"

दुसऱ्या दिवशी नऊला निघालो. पूजा झाल्याशिवाय आतोबा घराबाहेर पडत नसत. त्याच वेळात मी आदल्या दिवसाच्या दुप्पट बर्फ भरला. आत्याने कमरेला कांदा खोचला होता, मांडीवर पन्ह्याची बाटली, पायाशी लाडवांचा डबा. पहिला तास मजेत गेला. भिवंडी मागे पडली आणि आग्रा रोडला लागल्यावर फटीतला वारा कोमट झाला. मी मागून दोरी ओढत होतो. ओढण्याला काही अर्थ नव्हता, पण काही तरी करत राहायला हवं होतं.

"गार आहे ना?" आतोबांनी विचारलं.

"हो हो, छान," आत्या म्हणाली. तिच्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरत होता, तो मला मागून दिसत होता.

शहापूरच्या पुढे ती बोलायची थांबली. मी दोनदा हाक मारली, दुसऱ्या हाकेला तिने फक्त हात वर केला. चेहरा लाल, ओठ कोरडे. "आतोबा, थांबवा," मी ओरडलो. एका आंब्याखाली मोटार उभी केली. मी पंचा भिजवून तिच्या डोक्यावर ठेवला. आतोबा पन्ह्याचा पेला धरून उभे होते.

"मागे फिरू या," ते म्हणाले. "अजून घाट आहे पुढे. मागे फिरू या आपण."

मला वाटलं, आता सांगून टाकावं. तोंड उघडलंही. आत्याने डोळे न उघडताच माझ्या मनगटाला चिमटा काढला, तोही नखांचा.

"इतकं आले ते मागे फिरायला नाही," ती म्हणाली. "पाच मिनिटं द्या मला. मग घाला गाडी घाटात."

तिला पाच नाही, पाऊण तास लागला. एका विहिरीवरून मी मोटारीसाठी आणि, सवयीने, नळकांड्यासाठीही पाणी आणलं. मग निघालो. कसाऱ्याचा घाट आतोबांनी पहिल्या गिअरमध्ये चढवला. मान सरळ, दोन्ही हात चाकाला चिकटलेले. दोनदा इंजिन तापलं, दोनदा थांबलो. आत्या डोळे मिटून होती. मी तिच्या श्वासाकडे बघत होतो आणि शास्त्र विषयात मला किती मार्क मिळाले होते ते आठवून स्वतःला शिव्या देत होतो.

वर आलो. इगतपुरी गेली. रस्ता सरळ झाला, आतोबांनी मोठा श्वास सोडला आणि मोटार पळायला लागली. मी सवयीने दोरी ओढली.

"अगंबाई," आत्या म्हणाली.

ती ताठ बसली. तिने तळवा फटीसमोर धरला, मग चेहराच पुढे नेला. तिच्या कपाळावरचे केस उडत होते. ती मागे वळून माझ्या कानाशी कुजबुजली, "परत बर्फ कुठून घातलास रे?"

"मी नाही घातला."

"मग हे काय आहे?"

मी हात पुढे केला. वारा गार होता. बर्फाचा बोचरा गार नव्हे, पहाटेचा असतो तसा. मी मोटार थांबवायला सांगितली आणि झाकण उघडून पाहिलं. आत शेवटी भरलेलं नऊवारी तेवढं होतं, बर्फाचा कणही नव्हता. आतलं पाणी मात्र विहिरीवर भरलं होतं त्याच्या अर्ध्यावर आलेलं. कुठेही गळत नव्हतं. म्हणजे उडालं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माळ, गवत पिवळंधमक, ओठांवरून जीभ फिरवली तर क्षणात ओठ कोरडे. मी माझा हात पाण्यात बुडवला आणि हवेत धरून उभा राहिलो. तळवा बघता बघता कोरडा झाला आणि गार पडला.

शहाडच्या शेडमध्ये तो मिस्त्री असाच उभा होता. त्याचा न वाळणारा तळवा मला आता दिसला.

"काय झालं रे?" आतोबा मोटारीतून विचारत होते. "पुन्हा बिघडलं का?"

"नाही," मी म्हटलं. "चालतंय."

नाशिकच्या वेशीत शिरलो तेव्हा तिथल्या उन्हाने रस्त्यावरचं डांबर चिकट झालं होतं आणि आत्या मोटारीत बसून लेकीसाठी आणलेल्या दुपट्याचा सुटलेला दोरा दाताने तोडत होती. लेकीने तिला पाहिलं, हसली, आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. आम्ही पुरुष मंडळी उगाच बाहेर जाऊन मोटारीचे टायर तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप. आत्याने बाहेर येऊन आम्हाला सांगितलं आणि आतोबांनी माझी पाठ इतक्या जोरात थोपटली, की मला खोकला आला. "हा होता म्हणून," ते व्याह्यांना म्हणाले. "ह्याने स्वतःच्या हाताने यंत्र दुरुस्त केलं." व्याह्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. त्यांचा एक ग्रामोफोन बिघडला आहे असं ते म्हणाले. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

चौथ्या दिवशी आम्ही दोघंच परत निघालो. आत्या तिकडे राहिली. तिच्या जागी मी. इगतपुरीपर्यंत गार वारा आणि आतोबांच्या तोंडून माझी स्तुती. घाट उतरलो. कसारा गेला, खर्डी गेली, आणि वारा हळूहळू ओला होत गेला. आतोबांनी फटीकडे पाहिलं, हात धरला, मग माझ्याकडे पाहिलं.

"गेलं वाटतं परत. घरी गेल्यावर उघड बघू."

आता मात्र राहवेना. "आतोबा, ते कधी बिघडलंच नव्हतं." आणि मी सगळं सांगितलं. मिस्त्रीचा तळवा, म्हाताऱ्याचा वला वारा, माझे दोन तापमापक, बंबात जाळलेली गादी. ते ऐकत होते.

"मग पंधरा दिवस तू नक्की काय दुरुस्त करत होतास?"

"काही नाही."

"आणि तलावाला त्या दिवशी गार कसं लागलं?"

"बर्फ घातला होता."

मोटार चालत राहिली. मला वाटलं, आता हे मला वाटेत उतरवणार. मग त्यांनी विचारलं, "तिला माहीत होतं?"

"खडे बारीक कर म्हणून तिनेच सांगितलं."

ते हसले नाहीत. आंब्याचं ते झाड आलं, तिथे त्यांनी मोटार हळू केली, पण थांबवली नाही.

"तुला एक सांगतो, तिला बोलू नकोस," ते म्हणाले. "मी घाटात गाडी कधी घातली नव्हती. मला भीती वाटत होती. पत्र्याच्या त्या डब्याने काही गार होणार नाही, हे मला घेतानाच कळलं होतं. म्हणून तर म्हटलं, तो चालला तर नेतो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "मग बर्फाचं तुम्हाला..."

"ते नाही कळलं. मला वाटलं, कार्टं खरंच हुशार निघालं, मेलो आता." त्यांनी रुमालाने मान पुसली. "झाडाखाली मागे फिरू म्हटलं ते काही नुसतं तिच्यासाठी नव्हतं. तिने डोळे मिटून 'घाला गाडी' म्हटलं, तेव्हा लाज वाटली."

भिवंडी जवळ आली. खाडीचा खारट, जड वारा फटीतून आत येऊन दोघांच्या तोंडावर चिकटत होता. आतोबांनी खिडकीबाहेरच्या नळकांड्याकडे एकदा नीट पाहिलं.

"बारसं बाराव्या दिवशी आहे," ते म्हणाले. "पुन्हा जायचंय. येताना ती दोघींना घेऊनच यायचं म्हणेल, ते वेगळं. तू असं कर. इगतपुरीपर्यंत ते काढून मांडीवर घेऊन बस. वर गेलो की लावू."